अठ्ठ्याऐंशी दातांचं जनावर

पियानोला मी पहिल्यांदा हात लावला तो शिक्षा म्हणून.

आमची वस्ती काष्टीपासून चार किलोमीटर आत, उसात. शाळेला जाताना ओढा लागायचा. ओढ्याला पाणी असलं की शाळा बुडायची, नसलं की मी बुडवायचे. पाचवीत गेल्यावर आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला उचललं आणि नगरला एका जुन्या मिशनच्या आवारातल्या मुलींच्या वसतिगृहात नेऊन ठेवलं. तिथे प्रार्थनेच्या वेळी बोलायचं नाही असा नियम होता. मी पहिल्याच आठवड्यात बोलले. शिक्षा अशी की महिनाभर रोज सकाळी प्रार्थनेच्या हॉलमधलं सगळं लाकूड ओल्या फडक्यानं पुसायचं. बाकं, दारं, खिडक्या, आणि कोपऱ्यात उभं असलेलं एक काळं, बुटकं कपाट.

कपाटाचं झाकण उघडलं तर आत पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांची लांबच लांब रांग. पुसायला सांगितलंय म्हणजे तेही पुसायचं. डावीकडून फडकं लावलं तसा आधी ढग गडगडल्यासारखा आवाज झाला आणि उजवीकडे जाता जाता तो बारीक होत होत शेवटी घुंगरासारखा वाजला. मला इतकी मजा वाटली की दुसऱ्या दिवसापासून मी बाकं भराभर उरकून कपाट चार-चार वेळा पुसायला लागले.

आठ-दहा दिवसांनी संगीताच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या जवळ आलेल्या, पांढरी सुती साडी, पायांत कापडी बूट, चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला.

"कोण वाजवतंय?"

"वाजवत नाही बाई. पुसतेय."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मग जरा हळू पूस. वरच्या सप्तकात गेलीस की तुझं फडकं घाई करतं."

ही माझी पहिली शिकवणी. महिना संपला, शिक्षा संपली, तरी मी पुसायला जात राहिले. तेव्हा बाईंनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "आता बोटांनी पूस."

बाईंची शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची होती. सूर क्रमानं चढत जायचे आणि उतरत यायचे, त्याला त्या 'जिना' म्हणायच्या. "आज तीन जिने. धापा टाकायच्या नाहीत. पायरी चुकली की पहिल्यापासून." मी दोन वर्षं जिने चढले-उतरले. मग बाईंनी मला एका परदेशी परीक्षेला बसवलं. परीक्षक साहेब खराखुरा विलायतेहून आलेला, गुलाबी, सतत रुमालानं मान पुसणारा. मी पियानोसमोर बसले. साहेब अदबीनं म्हणाला, "स्केल, प्लीज."

मला वाटलं, अरे वा, एवढंच ना. मी उठले, दप्तरातून कंपास काढला आणि माझी सहा इंची पट्टी त्याच्या हातात दिली.

साहेबानं ती पट्टी उलटीपालटी करून पाहिली. मग फार गंभीरपणे ती धरून कागदावर एक रेघ मारली, पट्टी मला परत दिली, "थँक यू" म्हणाला, आणि पुन्हा म्हणाला, "स्केल, प्लीज." दाराबाहेर कान लावून उभ्या असलेल्या बाईंना राहवलं नाही. त्या बाहेरून ओरडल्या, "जिना गं, जिना!" मग मी जिना वाजवला. पास झाले. बाई मात्र पुढे आठवडाभर जिन्याला स्केल म्हणायचा सराव करत होत्या. माझा नव्हे, त्यांचा स्वतःचा.

मी दहावी झाले त्या वर्षी बाईंनी नगर सोडायचं ठरवलं. त्यांची मुलगी नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहायची. बाईंच्या घरी त्यांचा स्वतःचा एक पियानो होता, त्यांच्या वडिलांच्या वेळचा. बाईंनी आण्णांना बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं, "हा तिसऱ्या मजल्यावर जाणार नाही आणि मी याच्यासाठी तळमजल्यावर राहणार नाही. तुमच्या पोरीला घेऊन जा म्हणावं. पोरीचे हात चांगले आहेत."

आण्णांनी पियानोभोवती एक चक्कर मारली. ट्रॅक्टर असो की बैल, वस्तू घ्यायची झाली की ते आधी मागून बघत.

"उचलायला किती जन लागत्याल?"

"सहा तरी."

"आमी चारच हाय. पर ऊसतोडीचे हाय."

बाई म्हणाल्या, "मग चार पुरेत."

अशा रीतीनं जानेवारीतल्या एका सकाळी आमचा ट्रॅक्टर उसाची रिकामी ट्रॉली घेऊन नगरला गेला. ट्रॉलीत उसाच्या वाळल्या पाल्याचं गुडघाभर पाचट पसरलं होतं. चौघांनी 'हैस्सा' करून पियानो चढवला, त्याला आईनं दिलेल्या पाच गोधड्या गुंडाळल्या आणि बैल बांधायच्या दोरांनी आवळला. बाई दाराशी उभ्या होत्या. रडतील असं मला वाटलं होतं, पण त्या सूचनाच देत होत्या. "ऊन लागू देऊ नका. झाकण उघडू नका. आणि खड्डे टाळा."

आण्णा म्हणाले, "बाई, पयल्या दोन जमत्याल."

ट्रॅक्टर निघाला तेव्हा बाई वळून आत गेल्या. मी ट्रॉलीत पियानोला धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला गोधड्यांच्या आतून एक दबका आवाज यायचा, म्हातारं माणूस झोपेत कण्हतं तसा.

नगरहून निघून दौंड रस्त्यानं काष्टी गाठायला आम्हाला पाच तास लागले. नेमका बाजाराचा दिवस. काष्टीचा जनावरांचा बाजार मोठा. गाव जवळ आलं की रस्ता माणसांचा राहत नाही, शेपट्यांचा होतो. आमचा ट्रॅक्टर बाजाराच्या तोंडाशी अडकला. पुढे बैलांनी भरलेले टेम्पो, मागे उसाच्या ट्रॉल्या, आणि मध्ये गोधडीत गुंडाळलेला पियानो.

एक दलाल ट्रॉलीजवळ आला. खांद्यावर उपरणं, ओठांत तंबाखू. त्यानं गोधड्यांकडे निरखून पाहिलं आणि आण्णांना विचारलं, "आजारी हाय का?"

आण्णा पाच तास ट्रॅक्टर चालवून विटले होते. ते पुढेच बघत म्हणाले, "न्हाई. दमलंय."

"जात कुठली?"

"विलायती."

"मंजी जर्शी?"

"जर्मन."

दलालाचे डोळे चमकले. जर्मन गाय त्यानं अजून पाहिली नव्हती. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून आण्णांच्या हातावर टाकलं आणि त्याखालून त्यांची बोटं धरली. आमच्याकडे जनावराचा सौदा असाच होतो. तोंडानं कोणी बोलत नाही, उपरण्याखाली बोटं दाबून भाव कळवतात. आण्णांनीही त्याची बोटं दाबली. काय दाबलं ते त्यांनी अजूनही सांगितलेलं नाही.

"दात किती?" दलालानं विचारलं.

आण्णांनी मान वळवून मला विचारलं, "किती गं?"

मी म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी."

दलालानं उपरण्याखालून हात बाहेर काढला. आजूबाजूची दहा-पंधरा माणसं एव्हाना गोळा झाली होती. "दावा," तो म्हणाला. बाईंनी झाकण उघडू नका म्हणून सांगितलं होतं, पण बाई नगरला होत्या आणि बाजार इथे होता. मी एक गोधडी सरकवली आणि झाकण उचललं.

दलाल वाकला. दोन पट्ट्यांवरून त्यानं अंगठा फिरवला, म्हातारपण तपासावं तसा. मग पाठीमागच्या गर्दीकडे वळून म्हणाला, "आरं, ह्यातले निम्मे किडल्यात की!"

"छत्तीस," मी म्हणाले. काळ्या पट्ट्या छत्तीसच असतात.

सगळा बाजार हसला. आण्णाही हसले, त्या दिवशी पहिल्यांदा. मग गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "दूध देती का बघा तरी!" आणि आण्णा मला म्हणाले, "वाजव गं. आता झाकान उगाडलंच हाय तर."

मी पाचटात गुडघ्यांवर बसले आणि वाजवायला लागले. बाईंनी शिकवलेला एक जुना विलायती नाच, छोटासा. खड्ड्यांनी अर्धे सूर हललेले होते. जिथे गोड वाजायला हवं तिथे पत्र्याची बादली पडल्यासारखं वाजत होतं. तरी लोक गप्प झाले. हे माझं पहिलं जाहीर वादन. आजवर एवढ्या मोठ्या संख्येनं शिंगं असलेल्या श्रोत्यांसमोर मी परत कधी वाजवलेलं नाही.

नाचाच्या दुसऱ्या भागात डाव्या हातानं खालचे सूर जोरात मारायचे असतात. मी मारले. तेवढ्यात ट्रॉलीच्या चाकाजवळ बांधलेल्या एका पांढऱ्या खोंडानं कान टवकारले, मान झटकली आणि दावं तोडून तो वांग्यांच्या ढिगातून सरळ भांड्यांच्या दुकानात शिरला. पुढचा आवाज माझ्या आवाजापेक्षा मोठा होता. खोंडाचा मालक खोंडाच्या मागे, वांगीवाली मालकाच्या मागे, आणि भांडीवाला कोणाच्या मागे लागावं ते ठरवत आमच्याकडे बघायला लागला. आण्णांनी ट्रॅक्टर चालू केला. समोरचा टेम्पो नेमका तेव्हाच हलला, देवाची कृपा. मी उरलेल्या चार ओळी चालत्या ट्रॉलीत वाजवून पुऱ्या केल्या, कारण बाईंचा नियम होता, सुरू केलेलं अर्धवट सोडायचं नाही.

वस्तीवर पोचलो तर पियानो दारातून आत जाईना. आण्णांनी चौकटीसकट दार काढलं. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. "एका कपाटापायी घराचं दार काढायचं?" ती म्हणाली. ते दार परत बसायला महिना गेला, आणि महिनाभर शेजारपाजारचे लोक न विचारता आत येऊन पियानो बघून गेले. आण्णा प्रत्येकाला त्याचे गुण सांगायचे. "लाईट लागत न्हाई. डिझेल लागत न्हाई. वैरन लागत न्हाई." आमच्याकडे लाईट आठवड्यातले निम्मे दिवस दुपारी आणि निम्मे दिवस पहाटे यायची, त्यामुळे ही पहिली गोष्ट लोकांना फार पटायची.

बेसूर झालेला पियानो दुरुस्त करायला नगरहून पेटी दुरुस्त करणारे एक चाचा आले. त्यांनी आयुष्यभर हार्मोनियम दुरुस्त केल्या होत्या, पियानो एकही नाही. त्यांनी पुढची फळी काढून आत डोकावलं आणि म्हणाले, "बेटी, ये तो पेटी का दादा है. पण घाबरू नका, सूर सगळीकडं सारखाच." तीन दिवस राहिले. आईच्या हातची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन एकेक तार पिळत राहिले. मधले तीन सूर मुकेच होते, त्याचं कारण दुसऱ्या दिवशी सापडलं. आतल्या हातोड्यांना जो मऊ नमदा लावलेला असतो तो कुरतडून उंदरीणबाईंनी त्याचं बाळंतपणाचं अंथरूण केलं होतं. चाचांनी पिल्लं अलगद सुपात काढून ठेवली आणि आपल्या जुन्या टोपीचा तुकडा कापून हातोड्यांना चिकटवला. आजही त्या पियानोवर ते तीन सूर बाकीच्यांपेक्षा मऊ वाजतात.

मग खरं काम सुरू झालं. पियानोचा रियाज म्हणजे एकच चार ओळींचा तुकडा पन्नास वेळा, साठ वेळा. शेजारची काकू आईला म्हणाली, "तुमची पोरगी रोज एकच गानं चुकती व्हय?" आईला सुराची नावं माहीत नव्हती, पण एक वर्षात तिला माझे सगळे तुकडे पाठ झाले. चुलीपाशी भाकरी थापता थापता तिथूनच ओरडायची, "परत तिथंच गेली! त्या वळणावर!" वळण म्हणजे कुठलं, हे तिलाही सांगता आलं नसतं, पण चूक तिथंच असायची. पुढे मी फार नामांकित गुरूंपुढे बसले. एवढा कडक कान मला क्वचित भेटला.

बारावीनंतर मी पुण्याला शिकायला गेले, तिथून शिष्यवृत्ती मिळून युरोपात, एका थंड गावी, चार वर्षं. तिथले प्राध्यापक उंच, शांत, बोलले तर कुजबुजल्यासारखे. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, ही करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट इतकी बळकट आणि सुटी कशी? सगळ्यांची ती दोन बोटं वर्षानुवर्षं आळशी राहतात. कुठल्या पद्धतीनं शिकलात?

मला त्यांची भाषा तेव्हा नीट यायची नाही. मी खरं ते सांगायचा प्रयत्न केला. सुटीत वस्तीवर सकाळ-संध्याकाळ म्हशींच्या धारा माझ्याकडे असायच्या. मी हवेत करून दाखवलं: अंगठा वर, मग एकेक बोट वरून खाली मिटत आणायचं, करंगळी शेवटी. प्राध्यापकांनी ते वहीत टिपून घेतलं. पुढच्या आठवड्यात वर्गात गेले तर सात गोरी मुलं-मुली खुर्च्यांवर ताठ बसून हवेत धार काढत होती. प्राध्यापक मधून फिरत म्हणत होते, "हळू, हळू. करंगळी शेवटी." म्हैस कशी लाथ मारते ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

ते शिक्षण संपवून मी परत आले, आणि आता काय, हा प्रश्न माझ्याआधी सगळ्या पाहुण्यांना पडला. लग्नाची बोलणी सुरू होती. एका ठिकाणचे मुलाचे मामा समोर बसून पोहे खात होते.

"मुलगी काय करते?"

"पियानो वाजवते," आण्णा म्हणाले.

"ते झालं. पण काम काय करते?"

"तेच काम हाय."

मामांनी विचार केला. "म्हणजे डीजेबरोबर असते?"

आण्णांनी पोह्यांची बशी मामांच्या पुढून उचलली. पोहे अजून निम्मे होते. ते स्थळ तिथंच संपलं. पुढे माझं लग्न झालं ते अशा माणसाशी, ज्यानं पहिल्या भेटीत मला फक्त एवढंच विचारलं, की बोटं दुखत नाहीत का.

सुरुवातीला मी पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलच्या दिवाणखान्यात संध्याकाळी वाजवायचे. एकदा एक गृहस्थ फोनवर बोलता बोलता माझ्याजवळ आले, पियानोच्या कडा चाचपल्या आणि विचारलं, "मॅडम, याचा आवाज कमी कुठून होतो?" मी हातांकडे बोट दाखवलं. मग शिकवण्या, मग चर्चमधल्या गायकवृंदाला साथ, मग कुणीतरी आजारी पडलं म्हणून आयत्या वेळी मिळालेला मुंबईतला एक कार्यक्रम. कार्यक्रम बरा झाला. त्यानंतर दुसरा मिळाला. हळूहळू दोन-चार परदेशी गावांतूनही बोलावणं यायला लागलं. आमच्या भागातल्या एका छोट्या वर्तमानपत्रानं बातमी छापली, 'काष्टीच्या कन्येनं युरोपात पेटी गाजवली'. सोबत फोटो होता तो दुसऱ्याच बाईंचा. आण्णांनी ती बातमी फोटोसकट चौकट करून लावली. मी म्हटलं, "अहो, ही मी नाही." ते म्हणाले, "नाव हाय ना तुजं. फोटो काय, बदलतो मान्साचा."

मागच्या वर्षी श्रीगोंद्याच्या एका कॉलेजातून प्राचार्यांचा फोन आला. त्यांच्या सभागृहात माझं वादन ठेवायचं होतं. "आपल्या मातीतल्या कलावंताला आपल्या लोकांनी ऐकलं पाहिजे," ते म्हणाले, आणि लगेच म्हणाले, "पेटी आमच्याकडे आहे." मी समजावलं की ती चालणार नाही. त्यांनी खटपट करून पुण्याहून खराखुरा मोठा पियानो मागवला.

मोठा पियानो प्रवासात पाय काढून, एका कडेवर उभा करून, कांबळ्यात गुंडाळून नेतात. तो आणायला चार माणसं ठरलेली असतात, पियानो उचलणं हाच त्यांचा धंदा. टेम्पोतून तो तसा उतरलेला पाहून प्राचार्य पांढरेफटक पडले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, घात झाला. वाटेत पाय मोडलेत. तिन्ही." चौघांतले वयस्कर मुकादम काखेत तीन पाय घेऊन शांतपणे मागून आले आणि म्हणाले, "सर, जरा सरका." अर्ध्या तासात पियानो स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि प्राचार्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला.

मग त्याची पूजा. नवी वस्तू आली की पूजा व्हायचीच. हळदीकुंकू झाकणावर लागलं तोवर मी गप्प होते. पण प्रमुख पाहुण्यांनी नारळ हातात घेतला आणि फोडण्यासाठी त्यांची नजर नेमकी पियानोच्या लोखंडी पट्टीवर गेली, तेव्हा मी आणि मुकादम दोघंही एकदमच मध्ये पडलो. नारळ पायरीवर फुटला. पाणी माझ्या साडीवर, पियानो कोरडा.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत मान्यवर, दुसऱ्या रांगेत आई-आण्णा आणि वस्तीवरची माणसं, मागे विद्यार्थी, आणि कडेनं उभे राहिलेले शेतकरी. सत्कार झाले, शाली झाल्या, भाषणं झाली. एका वक्त्यानं माझी ओळख करून देताना पाऊण तास उसाच्या भावावर घालवला. मग मी बसले.

सुरुवातीला मी दोन वाक्यं बोलले. म्हटलं, ही रचना तीन भागांची आहे. पहिला भाग भरभक्कम, मधला फार संथ, तिसरा पळणारा. टाळ्या शेवटी वाजवल्या तर बरं, मध्ये वाजवल्या तरी मी रागावणार नाही.

लोकांनी हे इतकं मनावर घेतलं की पहिला भाग संपला तेव्हा सभागृहात श्वासही ऐकू येईना. मी मधला भाग सुरू केला. हा भाग वाजवायला सोपा दिसतो आणि म्हणूनच अवघड आहे. सूर थोडे, मधली शांतता जास्त. एका सुरानंतर पुढच्या सुराची वाट बघायला लावायची, आणि वाट बघणाऱ्याला विसरूही द्यायचं नाही. मी निम्म्यावर आले होते. सगळ्यात बारीक जागा आली होती, जिथे उजव्या हाताचा एकच सूर लांबत जातो. तो लांबत होता, आणि कर्ण्यातून आवाज आला:

"एक विनंती. एमएच सोळा, पांढरी बोलेरो. गेटसमोर आडवी लावलेली आहे. दुधाचा टेम्पो अडकला आहे. मालकांनी ताबडतोब काढावी."

सूत्रसंचालक विंगेत माईक धरून उभा होता. पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे उठले, खिशातून किल्ली काढून त्यांनी चालकाच्या नावानं हाक मारली, चालक नव्हता, मग ते स्वतःच निघाले आणि त्यांच्या मागे त्यांचे चार कार्यकर्ते. दार करकरलं. परदेशात असं झालं असतं तर मी हात मांडीवर ठेवून थांबले असते. इथे मला वाटलं, थांबले तर दुधाचं काय झालं याचीही माहिती माईकवरून मिळेल. मी वाजवत राहिले. जरा घाईनंच तो भाग संपवला आणि तिसरा सुरू केला. तो पळाला, शेवट धडाक्यात झाला आणि टाळ्यांचा पाऊस पडला. शिट्ट्या आल्या. मी उठून वाकले.

टाळ्या थांबल्या तसे कडेला उभे असलेले एक म्हातारे शेतकरी पुढे आले. टोपी, धोतर, पायांत वहाणा. व्यासपीठाच्या खाली उभे राहून त्यांनी विचारलं, "ताई, एक सांगू का? राग न्हाई ना?"

"सांगा ना, बाबा."

"ते मधलं परत वाजवाल का? तुमी लई थांबून-थांबून कायतरी सांगत हुता, आन् तेवढ्यात ह्यो बोलेरो-बोलेरो करून गेला. पुढचं काय झालं ते कळलंच न्हाई."

सभागृहात कुणी हसलं नाही. मागून दोन-तीन आवाज आले, "व्हय, व्हय, परत." सूत्रसंचालकाचा चेहरा उतरला होता. तो बिचारा पुढे आला, माईकची वायर यंत्रातून उपटून काढली, तिचं वेटोळं केलं आणि ते छातीशी धरून व्यासपीठाच्या कडेला बसला.

मी परत बसले. तो भाग मी कितीतरी ठिकाणी वाजवला आहे. चांगल्या सभागृहांत शांतता आधीपासूनच घालून ठेवलेली असते, गादीवर चादर घालावी तशी. इथे ती शंभर-दोनशे माणसांनी मागून घेतली होती. या वेळी मी पहिल्या सुरापासून घाई केली नाही. मग मी बारीक जागेवर आले आणि तो एक सूर सोडला. तो जाईल तेवढा जाऊ दिला. बाहेर दूर कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता, त्याचा आवाज येत होता, पण तो कुणाला नडत नव्हता. शेवटचा सूर विरल्यावर टाळ्या वाजवायला बराच वेळ कुणी सुरुवात केली नाही. मला ती घाई नव्हतीच.

म्हातारे बाबा मान हलवून म्हणाले, "हां. आता कळलं." टोपी सारखी करून ते परत कडेला गेले.

आई मात्र व्यासपीठाच्या पायरीवर भेटली तेव्हा तिनं सरळ निकाल दिला. "दुसऱ्यांदा चांगलं झालं. पयल्यांदा पळालीस." आण्णा प्राचार्यांना पियानोचे गुण सांगण्यात गुंतले होते.

जेवण कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होतं, पिठलं, भाकरी, ठेचा. मान्यवर दुसरीकडे जेवायला गेले. मी, घरचे आणि पियानोवाले चौघं एका टेबलावर बसलो. मुकादम खाली मान घालून जेवत होते. दुसरी भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "ताई, मी बावीस वर्षं हे काम करतोय. पियानो किती उचलले त्याची गणती नाही. पण ऐकला आज पहिल्यांदा."

"म्हणजे?" मी विचारलं.

"ठेवून झालं की आम्ही बाहेर गाडीत बसतो. संपलं की आत येतो. आत बसा असं कुणी म्हणत नाही, आणि आमचंही डोक्यात येत नाही. आज गेटात तो दुधाचा टेम्पो अडकला होता, बाहेर गाडीपर्यंत जायला वाट नव्हती. तर मागं उभा राहिलो." त्यांनी ठेच्याला भाकरी लावली. "एवढं वजन कशाचं असतं ते मला कधी कळलं नव्हतं."

त्यांच्या शेजारचा म्हणाला, "मुकादम, चला. उजेड आहे तोवर भरून घेऊ." चौघं हात धुऊन उठले. मी हातातली भाकरी तशीच ठेवून त्यांच्या मागे गेले. त्यांनी पियानोचे पाय एकेक करून काढले, कांबळी गुंडाळली, पट्टे आवळले. उचलताना एक बाजू जरा खाली गेली तेव्हा मी पुढे होऊन कोपऱ्याला हात लावला. मुकादम म्हणाले, "राहू द्या ताई, तुमचे हात आहेत ते." मी म्हटलं, असू देत, आणि टेम्पोपर्यंत धरून गेले. जड होता.